मध्ये बोललास तर पहिल्यापासून

मी निवृत्त झालो त्या दिवशी कंपनीनं मला शाल दिली, नारळ दिला आणि माझा आवाज ठेवून घेतला.

फसवून नाही, माझ्या सहीनिशी. उलट मीच हुरळून गेलो होतो. कातळगावच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या रंगांना लागणारी रसायनं बनवणाऱ्या कारखान्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली सव्वीस कंट्रोल रूममध्ये. दत्ताराम शिगवण हे नाव फक्त हजेरीपटावर. एरवी झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांचा मी भाऊ. घरी बसायची कल्पनाच मला सहन व्हायची नाही. अशा माणसाला कुणी म्हणालं, की भाऊ, तुम्ही जा, पण तुमचा आवाज इथेच राहू दे, तर तो नाही कशाला म्हणेल?

पण आधी माझा नियम सांगायला हवा, कारण माणूस त्या नियमापायी गेला.

पाळी बदलताना जाणारा ऑपरेटर येणाऱ्याला सगळं तोंडी सांगतो. कुठला पंप बंद आहे, कुठला व्हॉल्व्ह गळतोय, कुठल्या रिॲक्टरमध्ये माल कुठवर आलाय. माझ्या उमेदीच्या काळात एकानं "हो हो, माहितीये" म्हणत माझं बोलणं तोडलं. सांगायचं राहिलेलं वाक्य वाफेच्या लाइनीबद्दलचं होतं. अर्ध्या तासात त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून मी नियम घातला: भाऊ बोलत असताना तोंड उघडायचं नाही. मध्ये बोललास तर पहिल्यापासून. आणि मी खरंच तसं करायचो. विसाव्या मुद्द्यावर कुणी "भाऊ, पण" म्हणालं, की मी शांतपणे पुन्हा पहिल्या मुद्द्यापासून सुरू. घरी जायची घाई असलेले कपाळावर हात मारून घ्यायचे. सगळं सांगून झालं, की मी म्हणायचो, "झालं. आता विचार." त्यानंतर हव्या तेवढ्या शंका विचारा, चहा पाजून उत्तरं द्यायचो.

हे सगळ्यांत लवकर शिकला तो सुयोग मांडवकर. चोविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली आला, तेव्हा भिंतीवरच्या स्क्रीनकडे बघून तोंडाचा आ वासून उभा राहिला होता. सात वर्षांत माझ्याहून तयार झाला. त्याचं लग्न मी जमवलं असं म्हणायला हरकत नाही. दर्शना माझ्या बायकोच्या चुलतभावाची मुलगी. मला स्वतःचं मूलबाळ नाही, हे इथं एकदाच सांगतो.

आता यंत्राकडे येतो. फार पूर्वी आमच्या भिंतीवर चौसष्ट खिडक्यांचा फलक होता. प्रत्येक खिडकीमागे दिवा, प्रत्येक दिवा म्हणजे कारखान्यातला एक बिघाड. पुढे फलक जाऊन स्क्रीन आले, पण मांडणी तीच ठेवली होती. वीज चमकली, की एका दमात तीसचाळीस दिवे लागायचे आणि नवखा माणूस घाबरायचा. मी घाबरत नसे, कारण मी दिवे वाचतच नसे. मी आकार बघायचो. बॉयलर रुसला तर वरची ओळ आडवी पेटणार. रिॲक्टर तीनचं पाणी गेलं तर तिसरा रकाना उभाच्या उभा लाल. बाकीचा कितीही गोंधळ असला तरी तो उभा लाल पट्टा डोळ्यात घुसायचा.

रिॲक्टर तीन हे आमचं लाडकं आणि नाठाळ पातेलं. पोलादी, दुमजली उंच. त्यात एक रसायन भरायचं आणि दुसरं थेंबाथेंबानं सोडायचं. दोन्ही भेटली की उष्णता निघते. ती काढून न्यायला पातेल्याला दुहेरी भिंत, आणि त्या पोकळीतून थंड पाणी सतत फिरतं. पाणी थांबलं, की आतला माल तापतो. तापला की क्रिया आणखी वेगानं होते. त्यामुळे आणखी तापतो. हाताशी दोनेक मिनिटं असतात. त्यात एकच इलाज, खालचा व्हॉल्व्ह उघडून सगळा माल तळघरातल्या पाण्याच्या टाकीत सोडून द्यायचा. त्याला आम्ही 'बुडवणं' म्हणतो. बारा लाखांचा माल मातीमोल होतो, पण माणसं घरी जातात. मी नोकरीत चारदा बुडवला. दर वेळी उभा पट्टा दिसल्यापासून दहा सेकंदांच्या आत.

स्क्रीन गेले ते वरकरणी चांगल्या कारणानं. काचेपुढे आठ तास बसून ऑपरेटरचे डोळे जातात, पाठ जाते, आणि तो प्रत्यक्ष कारखान्यात फिरत नाही, असा अभ्यास झाला होता. त्यातून 'सारथी' आला. कानात एक बोंड, बस्स. ऑपरेटरनं मोकळ्या हातांनी फिरावं, यंत्र त्याच्याशी बोलेल, त्याचं ऐकेल. आमच्या बोलीसकट सगळं समजायचं त्याला, खोटं कशाला बोलू. आतलं कारण मला नंतर कळलं. माणसानं स्क्रीनवर काय पाहिलं याची नोंद होत नाही. त्याच्या कानात काय सांगितलं याची होते.

पण डोळा आणि कान यांचं काम वेगळं आहे. ताटात काय वाढलंय ते डोळ्याला एकदम दिसतं. तेच कुणी एकेक करून वाचून दाखवलं, तर लोणच्यापर्यंत पोचेस्तोवर भात निवतो. कानाला एका वेळी एकच गोष्ट ऐकू येते, आणि कुठली आधी यायची ते बोलणारा ठरवतो. सारथीला ती क्रमवारी कंपनीनं लावून दिली होती. एकेक दिवा सुटा धरून, कुठला महत्त्वाचा, कुठला मध्यम. पाच मध्यम दिवे एकत्र लागले तर त्याचा अर्थ काय, हे ओळखण्याची अक्कल त्या यंत्राला होती. पण वकिलांनी त्याला निदान सांगायची बंदी केली होती. चुकलं तर जबाबदार कोण? त्यानं फक्त सूचना वाचायच्या.

आवाज भरून घ्यायला पुण्याहून ऋचा नावाची मुलगी आली होती. चाळीस तास मला बोलतं केलं तिनं. गोड मुलगी. म्हणाली, "आमच्या चाचणीत असं दिसलं, की ज्याच्याबद्दल आदर आहे त्याच्या आवाजात सांगितलं तर माणसं जास्त लक्ष देऊन ऐकतात." मी छाती फुगवली. मग तिनं विचारलं, "भाऊ, तुमचा वेग जरा संथ आहे, वाढवू का?"

"मी आयुष्यात घाई केलेली नाही," मी म्हटलं. "आहे तसाच ठेव."

तिनं ठेवला. दोन सूचनांच्या मधलं माझं "हं"सुद्धा ठेवलं.

प्रशिक्षणाच्या दिवशी मी निवृत्त झालेलो, तरी प्रशिक्षक म्हणून मलाच बोलावलं. कंट्रोल रूमची भिंत मोकळी झालेली, स्क्रीनच्या जागी चौकोनी पांढुरके डाग. अकरा ऑपरेटर अर्धगोलात, मी समोर खुर्चीवर. ऋचानं सांगितलं, "सारथी बोलत असताना कधीही 'थांबा' म्हणायचं. तो लगेच थांबेल. मग विचारा काय हवं ते, किंवा आदेश द्या. प्रत्येकानं तीनदा करून बघा."

खोलीत माझा आवाज सुरू झाला. मी समोर बसलेलो, आणि आवाज भिंतीतून. सगळे एकमेकांकडे बघून हसायला लागले. ऋचानं सुयोगला खूण केली. तो कानापर्यंत लाल झाला.

"म्हण की रे," मी म्हटलं.

"भाऊ, तुम्ही समोर बसलाव. तोंडावर कसा म्हणू?"

"अरे, मी नाही तो. यंत्र आहे."

"आवाज तुमचाच ना पण." मग दबक्या आवाजात, "आणि मधी बोललू आणि त्यानं परत पयल्यापासून चालू केलान तर?"

सगळी खोली हसली. मीही हसलो. इतका सुखावलो होतो मी, की डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ऋचाला फोन आला, ती बाहेर गेली. दुपारच्या पाळीची वेळ झाली होती. तिनं ठेवलेल्या कागदावर अकरा नावं आणि पुढे रकाना: 'मध्येच थांबवण्याचा सराव'. मी अकरा वेळा 'झाला' लिहिलं आणि खाली लफ्फेदार सही ठोकली. एकानंही एकदासुद्धा 'थांबा' म्हटलं नव्हतं.

आठ महिने सगळं सुरळीत चाललं. सुयोग येता-जाता घरी डोकवायचा. "काय भाऊ, जेवलाव काय? आत्ताच कानात तुमच्याशी बोलून आलू," म्हणायचा. माझी बायको कपाळाला आठ्या घालायची. तिला ते पहिल्यापासून आवडलं नव्हतं.

मार्चमधल्या एका दुपारी, चारला वीस कमी असताना, आमच्या खिडक्यांची तावदानं खडखडली. मी ओटीवर काजू सोलत होतो. बॉयलर नाही, एवढं आवाजावरून कळलं. मी चपला न घालता गेटपर्यंत धावलो. रिॲक्टर तीनच्या जागी पिवळट धूर होता. पाच जण भाजले होते, त्यातला एक कंत्राटी फिटर आठवड्यानं गेला. सुयोग त्याच दुपारी गेला. तो सापडला तळाच्या व्हॉल्व्हपाशी, हात चाकावर. चाक अर्धं फिरलेलं होतं. अर्धा माल बुडला म्हणून अर्धी वसाहत वाचली.

बाराव्यानंतर कंपनीचं पत्रक निघालं. 'सर्व सूचना ऑपरेटरला वेळेत ऐकवण्यात आल्या होत्या. सूचना थांबवून आदेश देण्याची सोय उपलब्ध व सराव झालेला असताना ऑपरेटरने ती वापरली नाही.' गावात त्याचा अर्थ सरळ निघाला: मांडवकरानं हयगय केली आणि दुसऱ्याचा जीव घेतला. त्या फिटरची आई दर्शनाच्या दारात येऊन तळतळाट देऊन गेली. नळावरच्या बायका दर्शना आली की बोलायच्या थांबत.

मी भेटायला गेलो, तेव्हा दर्शना दाराच्या आत उभी राहून म्हणाली, "भाऊ, तुम्हीच शिकवलंत त्याला. खरं सांगा, चुकला का तो?"

"बघतो मी," मी म्हटलं. त्या कागदावर माझी सही होती, हे मी तिला सांगितलं नाही.

सरकारी चौकशीत माझी साक्ष होती; तिच्या दोन दिवस आधी मॅनेजर भागवत साहेब घरी आले. चहा घेतला, कप खाली ठेवला, आणि म्हणाले, "भाऊ, तुम्हाला फार काही बोलायचं नाहीये. सही तुमची आहे, एवढंच. ती तर खरीच आहे."

"आणि सराव?"

"सराव झाल्याचं तुम्हीच लिहिलंयत. आता झाला नाही म्हणालात, तर दोन माणसांचा मृत्यू आणि खोटं प्रमाणपत्र. एकसष्टाव्या वर्षी तुरुंग झेपेल तुम्हाला?" मग जरा मऊ होऊन, "सुयोग तर गेला. त्याला काय फरक पडतो?"

ते गेल्यावर बायको म्हणाली, "त्याला नाही पडत. तिला पडतो." आणि कप विसळायला घेऊन गेली. त्या दोन दिवसांत मी किती घाबरलो ते सांगत नाही. मी घाबरलो होतो. भागवतांचं ऐकावं, असं मला शंभरदा वाटलं.

चौकशी वसाहतीच्या सभागृहात झाली. कारखाना निरीक्षक सय्यद मॅडम, बुटक्या, करड्या केसांच्या, अजिबात आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी आधी एक आकडेवारी वाचली. हाच सारथी कंपनीच्या दुसऱ्या कारखान्यात एका मुलीच्या आवाजात होता. तिथले ऑपरेटर एका पाळीत त्याला सरासरी अडतीस वेळा मध्ये तोडत. आमच्याकडे अकरा ऑपरेटर, आठ महिने. एकदाही नाही.

"एकदाही नाही," त्यांनी पुन्हा म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग त्या दुपारची ध्वनिनोंद लावली.

वीज क्षणभर गेली होती. एका झटक्यात शेहेचाळीस सूचना. माझा आवाज सुरू झाला, संथ, भरदार. "सूचना पहिली. विजेचा दाब कमी. हं. सूचना दुसरी. बॉयलरचा पंखा बंद. हं." आणि प्रत्येकीनंतर सुयोग, "हो भाऊ." पावलांचा आवाज येत होता; तो बॉयलरच्या बाजूला होता. बारावी सूचना चालू असताना तो म्हणाला, "भा—", आणि गप्प झाला. त्याला काहीतरी विचारायचं होतं. काय, ते मला माहीत आहे. वीज गेली की मी स्वतः सगळ्यांत आधी तीनचं पाणी बघायचो, त्यालाही तेच शिकवलं होतं. पण बघायला काही नव्हतं. आणि विचारलं असतं तर, त्याच्या हाडात भिनलेल्या हिशेबानं, मी पहिल्यापासून सुरू केलं असतं. मग नोंदीत पुन्हा त्याचाच आवाज. "हो भाऊ."

चौतिसावी सूचना, दोन मिनिटं सोळा सेकंदांनी; कंपनीच्या क्रमवारीत ती 'मध्यम' होती. "रिॲक्टर तीन. भिंतीतल्या पाण्याचा प्रवाह बंद. हं."

सुयोग "आई गं" म्हणाला आणि धावला. पावलं, लोखंडी जिना, धाप. यंत्राला आदेश द्यायचा तर आधी 'थांबा' म्हणायला हवं होतं. तो हातानंच बुडवायला निघाला होता. माझा आवाज वाचतच होता. पस्तिसावी. छत्तिसावी. चाकाचा करकरण्याचा आवाज आला. मग मोठा आवाज आला. कानातलं बोंड कुठेतरी पडलं असणार, पण मोडलं नव्हतं. एकोणचाळिसावी. चाळिसावी. मॅडमनी नोंद बंद केली नाही. आम्ही सगळे शेवटपर्यंत ऐकत राहिलो.

शेहेचाळिसाव्या सूचनेनंतर माझा आवाज म्हणाला, "झालं. आता विचार."

मॅडमनी कागद पुढे केला. "ही सही तुमची?"

"माझी."

"सराव झाला होता?"

भागवत साहेब माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

"नाही झाला. एकाचाही नाही. मी खोटं लिहिलं. त्यांना मला थांबवता येणार नाही, हे मला दिसलं होतं आणि ते मला आवडलं होतं." मग नियमाचं सांगितलं, पहिल्यापासूनचं सांगितलं. कुणी मध्ये बोललं नाही.

शेवटी मॅडमनी विचारलं, "जुने स्क्रीन असते तर मांडवकरला कळायला किती वेळ लागला असता?"

"बघायला वेळ लागत नाही, मॅडम," मी म्हटलं.

अहवाल गणपतीनंतर आला. सुयोगवरचा ठपका काढला. खोट्या प्रमाणपत्राबद्दल माझ्यावर खटला. तो चालू आहे. कंपनीला ताकीद मिळाली आणि शिफारस झाली, की सूचनांचा आवाज 'ऑपरेटरला संकोच वाटणार नाही असा' असावा. स्क्रीन परत लावा, असं अहवालात कुठेही नव्हतं. आता तिथे एक मुलीचा आवाज आहे. पोरं तिला वाक्यावाक्याला झापतात म्हणे, आणि आकडे उत्तम येतात. क्रमवारी तीच आहे. पुढच्या खेपेला कोण धावेल, ते मला माहीत नाही.

अहवालाची प्रत घेऊन मी दर्शनाकडे गेलो. ती भाजी निवडत होती. माझ्या आधी तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी खुर्चीत टेकलो, चष्मा लावला आणि सुरुवात केली. कुठल्या कलमाखाली चौकशी नेमली. बैठका किती झाल्या. साक्षी कुणाकुणाच्या झाल्या. मला वाटत होतं, सगळं नीट, एकेक करून सांगावं, काही राहू नये. मी माझ्या साक्षीवर आलो. मग माझ्या खटल्यावर आलो. तिचे हात भाजीत तसेच थांबले होते.

"थांबा, भाऊ," ती म्हणाली.

सात वर्षांत त्या घरातलं कुणी मला हा शब्द म्हणालं नव्हतं. सवयीनं माझी जीभ पहिल्या कलमाकडे वळलीसुद्धा. मी ती दाताखाली धरली.

"एवढंच सांगा. त्याचं नाव सुटलं का?"

"सुटलं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग भाजीची पाटी बाजूला सारली, तोंडाला पदर लावला आणि मार्चपासून अडवून धरलेलं रडू एकदाचं बाहेर काढलं. मी अहवालाची घडी घातली.